दोन गुणांची गोळी

आमच्या चिंचणीच्या आळीत कुणाची तोंडावर स्तुती करायची पद्धत नाही. केली की माणूस बिघडतो, असं इथलं मत. पण शेजारच्या नर्मदाबायला बोंबील टांगताना पाहिलं की माझ्यासारख्या कुचाळखोराचंही तोंड आपोआप मिटायचं. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे सुकवणीच्या उंच बांबूंवर, भिरकावायची. हात डोक्याच्या वर, नजर भलतीकडे, तोंडाने कुणाच्या तरी सुनेची चौकशी चालू, आणि एक जोडी खाली पडेल तर शपथ! हे करून पुन्हा पाटी उचलून बोईसरच्या बाजारात ओले मासे विकायला जायची.

साठी ओलांडली तसे तिचे खांदे आणि गुडघे कुरकुरायला लागले. बाजाराजवळच्या मेडिकलमधून तिने एक दुखण्याची गोळी आणली. चिठ्ठी नाही, विचारणं नाही. पहाटे रिकाम्या पोटी, कोऱ्या चहाच्या घोटाबरोबर घ्यायची आणि निघायची. पहिल्या आठवड्यातच ती मला कुंपणावरून म्हणाली, "कमल्या, गोळी नाय ती, देवमानूस हाय."

"गोळी देवमाणूस कशी असेल गो बाय?"

"तू हसशील, पन तिचे दोन गुन हायत. एक तर खांद्याचं दुखनं उतरतं." मग इकडेतिकडे बघून हळूच, "आन दुसरा म्हनजे दिवसभर जायलाच लागत नाय!"

आता हा दुसरा गुण तुम्हाला किरकोळ वाटेल. मासळीवालीला विचारा. बाजारात बसायला जागा मिळते, पण जायला जागा नाही. जे एक संडास आहे त्याला बहुतेक वेळा कुलूप, आणि कुलूप नसलं की ते असतं तर बरं, असं वाटतं. म्हणून या बायका सकाळपासून पाण्याला शिवतच नाहीत. ऊन तापलं तरी ओठ ओले करायचे, इतकंच. त्यात ही गोळी आली. नर्मदाबायला वाटलं, देवाने आपली अडचण ऐकली.

तिच्या शेजारी सुलू बसायची. दोघींचं जागेवरून वर्षानुवर्षं भांडण. एकीची पाटी वीतभर सरकली तरी दुसरीच्या सात पिढ्या बाहेर यायच्या. पण गोळीचा दुसरा गुण कानावर गेला तशी सुलूच म्हणाली, "मला पन दे गो एक." नर्मदाबायने दिली. मग पलीकडचीला, तिच्या पलीकडचीला. कोलंबीवर चार जास्त टाकाव्यात तशी ती गोळ्या वाटायची. अख्खी रांग खूश.

मग नर्मदाबाय फुगायला लागली. पाय, हात, डोळ्यांखाली. मी म्हटलं, "सुनेच्या हातची भाकर मानवली वाटतं!" त्यावर सून हेमाली आतून, "काका, आमच्या घरात भाकर बाकीचे पन खातात, ते नाय फुगले!" कारखान्यातून सुटलेला एक कामगार तर बाजारात म्हणाला, "मौसी, आजकल बड़ी तंदुरुस्त लग रही हो." तिने खुशीत त्याला एक बांगडा वर टाकला.

शिमगा सरल्यावरची गोष्ट. भर बाजारात तिला मळमळायला लागलं, श्वास पुरेना, आणि ती बसल्या जागी पाटीवर कलंडली. तेव्हा कोण उठलं? सुलू. स्वतःचे पापलेट तसेच उन्हात टाकून तिने वैरिणीला रिक्षात घातलं आणि थेट पालघरचं हॉस्पिटल गाठलं. पुढचं सगळं मला सुलूनेच साभिनय सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, लघवी कधी झाली होती?"

"काल सकाळी असंल," नर्मदाबाय धापा टाकत, पण ऐटीत म्हणाली. "आता लागतच नाय. गोळीचा गुन हाय."

बाईंनी गोळीची पट्टी बघितली, मग ती आधीपासून रोज घेत असलेली रक्तदाबाची गोळी बघितली. "दिवसभर पाणी किती पिता?"

"पानी? बाजारात कोन पितो पानी?"

"आजी," बाई तिच्या खाटेवरच टेकल्या, "तुम्हाला लागत नाही असं नाही. ती बनतच नाहीये."

मग त्यांनी समजावलं. दुखण्याची गोळी एकट्या गुडघ्यात जात नाही, सगळ्या अंगात फिरते. दुखणं कमी करता करता ती किडनीकडे जाणारं रक्तही आवळते. त्यात अंगात पाणी नाही, वर रक्तदाबाची गोळी. तिन्हींनी मिळून किडनी गुदमरवली. गोळी विष नाही, पण वय झालेल्याने, रक्तदाब किंवा साखर असलेल्याने ती न विचारता रोज घ्यायची नसते. पोटात व्रण करून आतल्या आत रक्त काढते ते वेगळंच. आता त्या गोळ्या बंद, औषधं चालू. लघवी सुरू झाली तर जिंकलो. नाही झाली तर रक्त गाळायचं मशीन, आणि कदाचित जन्मभर.

इथून आमच्या आळीत जे सुरू झालं ते मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. माणसं देवाकडे मूल मागतात, नोकरी मागतात, जाळ्यात महागडा घोळ मासा मागतात. आमची अख्खी आळी एका म्हातारीची लघवी मागत होती. बायकांनी नवस बोलले. बोटीवर गेलेला तिचा लेक दर्पण खोल पाण्यातून वायरलेसवर मासळीचं नाही, "आयची झाली काय?" एवढंच विचारायचा, आणि मग आजूबाजूच्या सगळ्या बोटी तेच विचारायच्या. कुणी हसत नव्हतं. मीसुद्धा नाही.

हेमाली वॉर्डात मापाचं भांडं घेऊन बसलेली. दिवस गेले. भांडं कोरडंच.

आणि एका सकाळी तिचा फोन आला. "काका, झाली! भांडं अर्धं भरलं!" तिच्यामागे नर्मदाबायचा आवाज, "गाव गोळा करू नको गो मेले!" पण गाव गोळा झालाच होता. बाजारात सुलूला कळलं तेव्हा ती सुरमई कापता कापता धाय मोकलून रडली. गिऱ्हाईक बिचारं घाबरून पैसे टाकून मासा न घेताच पळालं.

मी आपला विचार करत राहिलो. मुठीएवढा तो अवयव. त्याचं नाव आपण कधी घेत नाही, त्याला नारळ देत नाही. साठ वर्षं गुपचूप गाळत बसतो, आणि गळा आवळला तरी हात सोडताच पुन्हा कामाला लागतो. पूर्ण नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोडी तूट कायमची राहील. दुखण्याची गोळी या बाईला आता न विचारता एकही नाही.

बरी होऊन ती पहिल्यांदा बाजारात गेली ती मासे न घेताच. सुलूच्या डोळ्यांखाली बोट लावून म्हणाली, "इथं सूज हाय तुला. माज्या हातनं गोळी खाल्लीस ना? चल, ऊठ, रक्त तपास." सुलूची किडनीही कुरकुरत होतीच, वेळेत कळलं. मग संडासाच्या कुलपावरून त्या सगळ्याजणींनी मिळून तोंडाचा जो पट्टा सोडला, त्याचं वर्णन छापण्यासारखं नाही. किल्ली आता त्यांच्याकडेच असते.

दुखणं मात्र सगळंच्या सगळं परत आलं. गरम पाण्याची पिशवी, डॉक्टरांनी दाखवलेले हातांचे व्यायाम, एवढ्यावर ते भागत नाही. मला वाटलं, आता तिचं बोंबील टांगणं सुटलं. पण परवा सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "आय गं... मेले गं... तुजा जबडा मोडो!" शेवटची शिवी बोंबलाला. दर्पणने तिच्यासाठी खालच्या उंचीचे बांबू बांधलेत. प्रत्येक जोडीला ती ओरडत होती, आणि जोडी पडत नव्हती.

"दुखतंय तर बस की गो बाय. एवढं ओरडून काय होतंय?"

"ओरडू दे रे कमल्या. ओरडलेलं किडनीला लागत नाय." हात वर तसेच ठेवून तिने मानेने खूण केली. "उगी बघत काय उभा ऱ्हातोस? तो पान्याचा तांब्या दे इकडं."