दोन्ही मंडळ्यांच्या नर्सबाई

नर्सबाई दर रविवारी दोनदा उपासनेला जात. सकाळी भोरच्या आमच्या जुन्या चर्चमध्ये, बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर. आणि शेवटचा आशीर्वाद होताच एसटी पकडून कापूरहोळला, गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सतरंजीवर. आमच्याकडे तान्ह्या मुलांना कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. शेडमधली नवी मंडळी त्याला बाप्तिस्माच मानत नाही. जाणत्या वयात, पाण्यात पूर्ण बुडूनच तो घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. "तुम्ही नक्की कुणाच्या?" असं आमच्यातलं कुणी टोचून विचारलं, की बाई चपला घालता घालता म्हणत, "ज्याचं नाव दोन्हीकडं घेत्यात, त्याची."

त्यांना स्वतःचं मत नव्हतं असं नाही. शिंपडलेलं पाणी पुरतं, हे त्या शेडमध्येही सांगत. "तुमचं चुकतंय असं मला वाटतं. आता जरा सरका, बसू द्या." लोक हसून सरकत.

त्यांची सगळी नोकरी वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करण्यात गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भोरला आमच्या शेजारची खोली घेतली. त्यांच्या ओट्यावर दोघांत शास्त्रावरून वाद पेटला, की बाई मध्ये मेथीची जुडी आणून ठेवत. "हात चालू द्या, मग बोला." जुडी निवडून होईपर्यंत आवाज खाली आलेले असत.

आमच्या घरात मात्र त्यांची मेथी चालली नाही. माझा धाकटा भाऊ शमू कापूरहोळला टायरचं काम करतो. तो त्या शेडमध्ये जाऊ लागला आणि एक दिवस पानशेतच्या पाण्यात त्यानं पुन्हा बाप्तिस्मा घेतला. बाबा आमच्या चर्चचे पंच. त्यांनी जेवताना विचारलं, "मग लहानपणी तुला दिला तो काय होता?"

"कपाळ ओलं केलं हुतं, बाबा. त्याला काय अर्थ न्हाई."

बाबा भरल्या ताटावरून उठले. त्या महिन्यात पंचांनी ठराव केला, की शेडमधल्या मंडळीला आमच्या कबरस्तानात येऊ द्यायचं नाही. पहिली सही बाबांची होती. चार वर्षं बापलेक बोलले नाहीत. आम्हाला वाटे, हा बाबांचा हट्ट आहे.

यंदा उन्हाळ्यात बाईंच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका दुपारी त्यांनी शमूला बोलावून घेतलं. मी उशाशी वारा घालत होते.

"तुजा बाप वेल्ह्याकडं शाळामास्तर हुता तवाची गोष्ट," त्या थांबत थांबत बोलल्या. "तुमच्या दोघांच्या आदी एक पोरगं झालं. दोन तास जगलं. पाळकसाहेब भोरला, पूल पाण्याखाली. तुजा बाप म्हणाला, बाई, तुमीच द्या. म्या तांब्यातलं पाणी त्याच्या कपाळाला लावलं, नाव ठेवलं. तुज्या बापाकडं त्या लेकराचं तेवढंच हाय, शमू. आन् तू म्हणालास, त्याला काय अर्थ न्हाई."

आईनं हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. शमू खाटेच्या कडेवर कपाळ टेकून रडला.

"तुजं मत सोड म्हणत न्हाई म्या," बाई म्हणाल्या. "निस्तं बापाला जाऊन भेट."

"रविवारी येतो," तो म्हणाला. शनिवारी सकाळी बाई गेल्या.

कबरस्तानात आम्ही आत होतो. शेडमधली चाळीसेक माणसं फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहिली. त्यांत बाईंनी सोडवलेल्या बाळंतिणी होत्या, त्यांची मोठी झालेली मुलं होती. आत आम्ही जे गीत धरलं होतं, तेच ते बाहेर गात होते, आमच्या अर्धी ओळ मागे. कुणाला थांबवतही येईना आणि सूर जुळवताही येईना.

सगळ्यांनी मूठ मूठ माती दिली. फावडी उचलली तेव्हा बाबा म्हणाले, "थांबा. एक मूठ राहिलीय." ते काठी टेकत फाटकाशी गेले. मी त्यांच्या मागे होते.

शमू पुढे आला. "बाबा, नर्सबाईंनी मला बाळाचं सांगितलं. माझं चुकलं."

बाबांनी फाटकातून हात घालून त्याचा खांदा धरला. "ये आत. माती दे."

शमूनं मागे वळून पाहिलं. एक म्हातारी पदरात झेंडूची फुलं धरून उभी होती.

"ह्या सगळ्यांच्याच नर्सबाई हुत्या, बाबा. ह्यांना रस्त्यावर ठेवून मी एकटा कसा येऊ?"

मागे पंच बघत होते. बाबा शमूच्या खांद्यावरचा हात काढून परत फिरले. फावडी चालू झाली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा रस्ता मोकळा होता. फाटकाच्या सळ्यांत झेंडूची फुलं तेवढी खोवलेली होती.

संध्याकाळी मी चहा नेला. बाबांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"मी शमूला एकट्यालाच का बोलावलं गं?" ते म्हणाले. "फाटक तर माझ्याच हातात होतं."