खिडकीताई आणि तिचा प्रॉम्प्टर

आमच्या नाटक कंपनीत सगळ्यात जास्त नाटकं पाठ असलेला माणूस कधी रंगमंचावर आला नाही. तो प्रॉम्प्टर होता. उजव्या विंगेत त्याचं स्टूल असायचं. स्टुलाचा एक पाय आखूड होता म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी. मांडीवर नाटकाची वही आणि हातात जेमतेम एक ओळ दिसेल एवढ्या उजेडाची बॅटरी. बत्तीस वर्षं तो तिथं बसला. आम्ही त्याला कुजबुजे म्हणायचो. खरं आडनाव पगारपत्रकात असेल, पण ते कुणी वाचलं नाही.

लोकांना वाटतं, नट विसरला की वाक्य सांगणारा तो प्रॉम्प्टर. छे! विसरल्यावर सांगायचं म्हणजे घर जळून गेल्यावर बंब आणायचा. चांगला प्रॉम्प्टर नट विसरायच्या आधी सांगतो. माझा श्वास जरा लांबला किंवा हात उगाच केसांकडे गेला की कुजबुजेचे दोन शब्द कानात येऊन पडलेले असत. दोनच. तिसरा शब्द सांगणं म्हणजे नटाचा अपमान, असं त्याचं मत. माझ्या चोख पाठांतराचं कौतुक करणारी कात्रणं माझ्या कपाटात आहेत. ती खरं तर त्याच्या घरी नेऊन द्यायला हवीत. देत नाही, ती गोष्ट वेगळी.

पण या कामानं माणसाला एक खोड लागते. चुकीचं वाक्य कानावर पडलं की त्याला राहवत नाही. शेजारी मुलाची परीक्षेची टक्केवारी सांगायला लागले की हा मागून हळूच म्हणणार, “अठ्ठावन्न.” शेजाऱ्यांनी अडुसष्ट म्हणायला तोंड उघडलेलं असायचं. असा माणूस कुणाला आवडणार? लग्न झालं नाही. त्याची ताई म्हणायची, “याला कोण करून घेणार? नवरीनं हो म्हणायच्या आत हाच ‘हो’ सांगून मोकळा होईल.”

ही ताई त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. दोघं एकाच दोन खोल्यांच्या घरात राहायची. ती बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायची. एकतीस वर्षं. प्रवासी तिला खिडकीताई म्हणत.

“बाई, पाचची गाडी किती वाजता सुटते?”

“तुम्हीच तर सांगितलंत.”

“तसं नाही हो, वेळेवर आहे ना?”

“गाडी आहे. वेळ तुमची तुम्ही बघा. फलाट चार. पुढे!”

लोक चिडायचे, शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तिच्याच रांगेत उभे राहायचे. कारण शेजारच्या खिडकीतला माणूस फार गोड बोलायचा आणि चुकीच्या फलाटावर पाठवायचा.

गेल्या वर्षी ही ताई गेली. आठ महिने अंथरुणाला खिळून होती. कुजबुजेनं तिचं सगळं केलं आणि बदल्यात रोज बोलणी खाल्ली. “उशी नीट ठेव, मी काय पोतं आहे?” या आठ महिन्यांत मोठे भाऊ, म्हणजे दादा, दोनदा येऊन गेले. वीस मिनिटांच्या अंतरावर राहतात, म्हणजे तसं लांबच. दोन्ही वेळेला फोटो मात्र छान आले.

दादांची ओळख करून द्यायला हवी. दादा विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. म्हणजे नोकरीतून झाले, व्यासपीठावरून अजून व्हायचेत. माईक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. मी नटी आहे, मला ही भूक कळते. हसायचा हक्क मला फारसा नाही, पण हसते.

ताई गेली आणि महिन्याच्या आत दादांच्या सुनेनं इंटरनेटवर ताईच्या आठवणीचं पान काढलं. नाव काय, तर ‘आमची ताई : एक शांत ज्योत’. ताईला शांत म्हणणारा माणूस एक तर तिला भेटलेला नसणार, नाहीतर बहिरा असणार. फोटोत तिचा चेहरा उजळ करून घेतलेला. कडेनं गुलाब, आणि वर दोन फुलपाखरं पंख हलवतायत. आयुष्यभर तिनं माशी बसू दिली नाही जवळ.

मग सुरू झाली श्रद्धांजलीची रांग. एका भाचीनं लिहिलं, ‘मावशी किती मृदू बोलायची!’ खाली दहा मिनिटांत उत्तर: ‘बोलत नसे. — धाकटा भाऊ.’ कुणी लिहिलं, ‘तिच्या गळ्यात गाणं होतं.’ खाली उत्तर: ‘ती गात नसे. दुसरं कुणी गायला लागलं तर थांबवत असे. — धाकटा भाऊ.’ डेपोतल्या एका जुन्या साहेबांनी लिहिलं, ‘कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत.’ त्याच्याखाली कुजबुजेनं तारखेसकट तीन प्रसंग लिहिले. तिन्हींत उलट उत्तर मिळालेले साहेब हेच होते.

मी त्याला म्हटलं, “अरे, मेलेल्या माणसाबद्दल लोक बरं बोलतायत, बोलू दे की!”

“बाई, बोलू दे ना. पण तिच्याबद्दल बोलू दे. ही कोण बाई आहे? हिला मी ओळखत नाही.”



पानावर सगळ्यात वर दादांचा लेख होता. त्यात एक ओळ अशी: ‘शेवटच्या क्षणी तिचा हात माझ्या हातात होता.’ ताई गेली त्या दुपारी दादा एका सभागृहात मानपत्र स्वीकारत होते, हे सगळ्या गावाला माहीत. संध्याकाळी ते तसेच ताईकडे पोचले. हातात सत्काराचा फुलांचा गुच्छ होता, तो तिथंच उपयोगी पडला.

सगळ्या पानावर फक्त या एका ओळीखाली कुजबुजेनं काही लिहिलं नव्हतं.

“भाचीला सोडलं नाहीस आणि दादांना सोडलंस?” मी विचारलं.

“भर प्रयोगात मुख्य नटाची चूक सगळ्यांसमोर दाखवत नाहीत, बाई.”

“मग कधी सांगायची?”

“पडदा पडल्यावर.”

“तुझ्या दादाचा पडदा? तो पडेपर्यंत आपण दोघं उरणार नाही!”

तो हसला नाही. कपातला गाळ बघत बसला.

इकडे दादांकडे तक्रारी गेल्या. भाची रडली, साहेब रागावले. दादांनी धाकट्याला घरी बोलावून सुनावलं, “आणखी एक दुरुस्ती केलीस तर पानावरून काढून टाकीन. बंद! तुला दिसणारसुद्धा नाही.” कुजबुजे घाबरला. हसू नका. डेपोत ताईच्या खिडकीच्या जागी आता बोट लावून गाडी शोधायचा पडदा बसवलाय. जगात ताईचं नाव निघतं असं ते एकच ठिकाण उरलं होतं, खोटं का असेना. सकाळी दात घासायच्या आधी तो ते पान उघडायचा.

दादांनी लगेच मेख मारली. ताईला जाऊन वर्ष होत होतं. त्या दिवशी परदेशातल्या एका तळ्याकाठून पानावर थेट भाषण करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. कारण ‘ते तळं पाहणं हे ताईचं आयुष्यभराचं स्वप्न होतं.’ ताईचं स्वप्न! डोंगर, तळी, समुद्र यांचा विषय निघाला की ती म्हणायची, “पाणी बघायचंय? बादली भरा आणि बसा समोर.” पण दादांना फोन धरायला माणूस हवा होता आणि मुलाला रजा नव्हती.

“तू चल,” दादा म्हणाले. “तिकीट मी काढतो. तू फोन धरायचा आणि तोंड मिटायचं. भाषणात एक शब्द बोललास तर परत आल्यावर तू पानावर नाहीस. कबूल?”

कुजबुजे कबूल झाला. अडुसष्टाव्या वर्षी पहिला पासपोर्ट काढला आणि दादांच्या बॅगा ओढत विमानात चढला.

प्रवासाचं मला त्यानंच नंतर सांगितलं, आणि त्याच्या सांगण्यात भर नसते. हॉटेलची खोली एवढीशी की एकानं मोजे घालायचे तर दुसऱ्यानं पलंगावर चढायचं. दादा न्हाणीघराच्या आरशासमोर भाषणाची तालीम करायचे. पहिल्या दिवशी तीनदा झाली. हा दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा, तिसऱ्या वेळेला भाषण याला पाठ.

“दादा, दुसऱ्या परिच्छेदात तू दर वेळेला अडखळतोस.”

“मी अडखळत नाही. मी भावनेनं थांबतो.”

“बरं. भावना दर वेळेला एकाच शब्दाला येतेय.”

“तू तुझी विंगेतली फुसफुस इथं आणू नकोस. माझी भाषणं ऐकायला माणसं येतात. तुझा आवाज ऐकायला कुणी तिकीट काढलंय का कधी?”

अडखळायचे ते त्याच ओळीपाशी. हाताच्या.

भाषणाच्या वेळी मी घरी होते. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. बघणारे त्रेचाळीस. आमच्या काळी एवढ्या प्रेक्षकांसाठी प्रयोग रद्द करत असू. पडद्यावर तळं, मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे नव्या कोटातले दादा. वारा सुटलेला. त्यांनी गळा साफ केला आणि सुरुवात केली. ज्योत झाली, माया झाली, सोशिकपणा झाला. दादांचा आवाज चांगला आहे, हे मी कबूल करते. आणि मग वाऱ्यानं त्यांच्या हातातला कागद उचलला. कागद दोनदा गिरक्या घेऊन तळ्यात जाऊन बसला.

“आणि शेवटच्या क्षणी…” दादा म्हणाले आणि थांबले. ही भावना नव्हती. अर्धं आयुष्य मी रंगमंचावर काढलंय, नटाच्या डोळ्यांतला तो रिकामा फळा मला ओळखू येतो. दादांनी सरळ फोन धरणाऱ्याकडे पाहिलं. ज्याला तोंड मिटायला सांगितलं होतं त्याच्याकडे.

पुढची ओळ कुजबुजेला पाठ होती. ती सांगितली तर भाषण वाचतं, दादा वाचतात, आणि दादांना वाचवल्याबद्दल त्याला कोण कशाला काढेल? बत्तीस वर्षांत त्यानं वहीत नसलेला एक शब्द कुणाला सांगितला नव्हता. पण वहीत होतं ते खोटं.

फोन त्याच्याच हातात, त्यामुळे त्याची कुजबुज त्रेचाळीस जणांना दादांच्या भाषणापेक्षा मोठी ऐकू आली. दोनच शब्द.

“पोचलो नाही.”

आणि अडकलेला नट मिळेल ते घेतो. दादा मोठ्यानं म्हणाले, “शेवटच्या क्षणी मी… पोचलो नाही.” मग आपण काय म्हणालो ते त्यांना ऐकू आलं. तोंड उघडं राहिलं. कुजबुजे गप्प. दोन शब्दांनंतर तो गप्पच असतो. पुढचं दादांना स्वतःचं स्वतः बोलावं लागलं. “धाकट्यानं दुपारी तीनदा फोन केला. मी उचलला. म्हटलं, कार्यक्रम संपला की येतो. भाषण माझं राहिलं होतं. ते… ते बरं झालं नाही.” आवाज ओळखू येईना. मोठ्या नटाचा नव्हताच तो, कुणातरी म्हाताऱ्याचा होता. मग चित्र बंद झालं.

खाली लगेच अभिप्राय आले. ‘अतिशय भावपूर्ण!’ ‘हृदयस्पर्शी शब्द, दादा.’ ‘निसर्ग अप्रतिम!’ ‘कुठल्या ट्रॅव्हल कंपनीतर्फे गेलात?’ एकालाही काही ऐकू आलं नव्हतं. प्रेक्षक मायबाप! त्यांच्या जिवावर मी जगले, म्हणून जास्त बोलत नाही.

तासाभरात ते भाषण पानावरून गेलं, ‘तांत्रिक कारणामुळे’. कुजबुजेही गेला, दादांच्या कारणामुळे. परतीच्या विमानात दोघं अकरा तास खेटून बसले. बोलणं एकच झालं. दादा म्हणाले, “उठ, मला जायचंय.” हा उठला.

त्यानंतर तो मला रोज सकाळी फोन करायला लागला. “बाई, पानावर आज काय आहे, वाचा.” मी वाचायची, तो दुरुस्त्या सांगायचा, मी “हो हो” म्हणायची आणि कुठंही काही लिहायची नाही. अशीच तीन आठवड्यांनी एका सकाळी मला दिसलं की दादांच्या लेखातली ती हाताची ओळ नाही. तिच्या जागी नवी ओळ आहे. मी वाचून दाखवली, “शेवटपर्यंत ताईजवळ धाकटा होता.” खाली बेचाळीस जणांची पसंती, आणि कुणीतरी विचारलंय, ‘कोण धाकटा?’

मला वाटलं, आता हा रडणार. बिचारा.

“चूक आहे,” तो म्हणाला.

“आता काय चूक आहे रे मेल्या?”

“शेवटपर्यंत नाही. तिनं पंखा बंद कर म्हटलं, म्हणून मी उठलो. बटण दाराजवळ आहे. परत येईपर्यंत… चार पावलं आहेत, बाई. दादाला सांगा, बदलायला हवं.”

“मी नाही सांगणार. तुझा दादा, तू सांग.”

तो खरंच गेला. दादांकडे, ती ओळ दुरुस्त करून घ्यायला. सकाळी गेलेला दुपार उलटल्यावर आला. मी विचारलं, “बदलली का?”

“नाही. दादा म्हणाला, राहू दे, एवढी एक राहू दे. मग म्हणाला, पंखा बंद करायच्या आधी काय काय झालं ते सांग. मग तेच सांगत बसलो. ती काय काय बोलली ते सगळं.”

“आणि तो?”

“ऐकत होता.”

दादांना कुणी ऐकताना पाहिलेलं नाही, म्हणून मला ते खरं वाटेना. पण कुजबुजेच्या सांगण्यात भर नसते. पानावर तो अजून परत आलेला नाही आणि ओळ अजून चुकीचीच आहे. रोज सकाळी मी ती वाचते आणि तो पुढची वाचायला सांगतो.