'टेक'ची यादी

रविवार, सकाळचे साडेदहा. हजर: मी, आई आणि तिची इंग्रजीची वही. अकराला परदेशातल्या नातीचा फोन येतो आणि नातीला मराठी येत नाही.

मी 'टेक'चे अर्थ ओळीने लिहून दिले: घेणे, नेणे, वेळ लागणे, फोटो काढणे, परीक्षा देणेसुद्धा.

"एवढ्याशा शब्दावर केवढी कामं गं! अगदी तुझ्यासारखं," आई म्हणाली.

यादी झाली की मला एरवी बरं वाटतं. आज चैन पडेना, कारण तिने पुढे विचारलं, "आणि तुला जवळ घ्यावंसं वाटतं, हे तिला इंग्रजीत कसं सांगू?"

शब्दकोशात धरणे होतं, मिठी मारणे होतं. पण मांडीवर डोकं घेऊन केसांतून हात फिरवत बसणं कुठेच नव्हतं. अकराला पाच कमी आहेत. ती ओळ अजून लिहायची आहे.