कॅमेऱ्यावरची टिकली

दादाचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होतो. "लेना गेली रे," एवढंच म्हणाला. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून हॉस्पिटलात नेलेल्या वहिनी शुद्धीवर येतील, असं आम्ही धरूनच चाललो होतो. त्याला आता महिना होऊन गेला. इथे कॅनडात, सस्काटूनमधला बर्फ अजून तसाच आहे, आणि माझा रागही. राग नेमका कुणावर, ते मात्र मला सांगता येत नाही.

दादा खाणकामाचं शिक्षण घ्यायला रशियात गेला आणि येताना बायको घेऊन आला. आईने आधी अबोला धरला, मग तिला भाकरी थापायला बसवलं. आईकडून शिकल्यामुळे वहिनींचं मराठी टोमण्यांसकट पुणेरी झालं. पुढे आम्ही दोघे भाऊ कॅनडात आलो, आणि माझी मुलं इंग्रजीत उत्तर द्यायला लागली की त्या दटावायच्या, "मराठीत सांग, मला इंग्लिश कळत नाही." धादांत खोटं! पण मुलं ऐकायची.

दादाचं डायलिसिस सुरू झालं आणि वहिनींचं माहेर तुटलं. त्याला सोडून जाता येईना. तिकडे धाकटी बहीण नाद्या म्हाताऱ्या आईपायी अडकलेली. मग बेसमेंटमधला लॅपटॉप हेच वहिनींचं माहेर झालं. टीव्हीवर एक रशिया दिसतो आणि नेटवर दुसरा, असं त्या म्हणायच्या. त्यांनी रशियनमध्ये ब्लॉग सुरू केला. गावचे लोक तिथे येऊन खड्ड्यांबद्दल, लाचेबद्दल लिहायचे, आणि इथे बसून वहिनी तिकडच्या साहेबांना धारेवर धरायच्या. एखादा रस्ता दुरुस्त झाला की वर येऊन सगळ्यांना चहा! दादा त्यांना 'मेयरबाई' म्हणायचा.

मग तिकडच्या एका निवडणुकीतल्या बोगस मतदानाचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ नेटवर फिरले, लोक थंडीत रस्त्यावर आले, आणि पुढच्या निवडणुकीला सरकारने मतदानकेंद्रांत कॅमेरे बसवले. कुणीही घरबसल्या बघावं. वहिनींनी ब्लॉगवर लिहिलं, 'ज्याने त्याने आपापल्या शाळेतल्या केंद्राकडे बघावं. जे दिसेल ते लिहा. घाबरू नका.'

त्या रविवारी सकाळी मी पोह्यांच्या आशेने दादाकडे गेलो, तर वहिनी स्क्रीनसमोर. त्यांच्याच जुन्या शाळेतलं केंद्र. तिकडे संध्याकाळ झाली होती. टेबलामागे नाद्या बसलेली. ती त्याच शाळेत शिकवायची आणि केंद्रावर शिक्षिकांनाच बसवत. "बघा भाऊजी, माझी नाद्या! केस किती पांढरे झाले हो..." मी आपला हौसेने स्क्रीन रेकॉर्डिंग लावून दिलं.

मतदान संपायला थोडा वेळ होता. नाद्या उठली, कॅमेऱ्याखाली खुर्ची ओढून तिच्यावर चढली. क्षणभर तिचा चेहरा अगदी जवळून दिसला, सरळ आमच्याकडे बघणारा. मग तिने खांद्यावरची शाल काढली आणि कॅमेऱ्यावर टाकली. स्क्रीनभर निळा रंग आणि कोयऱ्या. पुण्यात मी बरोबर असताना वहिनींनी तिच्यासाठी घेतलेली शाल होती ती.

आवाज मात्र येत होता. कागदांची सळसळ, पेटीवर काहीतरी आपटल्याचा आवाज, एका पुरुषाचं बोलणं. वहिनी सवयीने मला मराठीत सांगत राहिल्या, "लवकर आटपा म्हणतोय... अजून मतपत्रिकांचा एक गठ्ठा आहे म्हणतोय..." शाल निघाली तेव्हा नाद्या जागेवर होती, मान खाली घालून.

"वहिनी, सगळं रेकॉर्ड झालंय. अपलोड करू?"

"नोकरी जाईल तिची. आईला कोण बघेल? मी, इथून?"

"मग दुसऱ्यांना कशाला सांगितलंत, बघा म्हणून?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "डिलीट करा, भाऊजी." मी केलं. संध्याकाळी त्यांनी ब्लॉगवर लिहिलं, 'माझं इंटरनेट गेलं होतं. मला काही दिसलं नाही.' त्यानंतर तिथे एक अक्षर लिहिलं नाही. लोक विचारत राहिले, कुणी वाईटसाईट बोललं, मग तेही थांबले. दादाला हे सगळं मीच सांगितलं. वहिनींनी त्याच्याजवळही विषय काढला नाही.

शनिवारी नाद्याचा स्काइपवर कॉल यायचा, तो येतच राहिला. वहिनींनी दिवाळीला आणलेल्या पाकिटातली कपाळाला लावायची एक लाल टिकली लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटवली आणि कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलं. मी हसलो तर म्हणाल्या, "माझ्या तोंडावर सगळं दिसतं, भाऊजी." मग आईचे गुडघे, यंदाचा मुरांबा, इथली थंडी... दोघी तासभर बोलायच्या, आणि जे बोलायचं ते सोडून सगळं बोलायच्या. मला त्यांची इतकी दया यायची की मी सरळ उठून वर जायचो.

मागच्या शनिवारी दादा त्या खुर्चीत बसला होता. कॉल आला. नाद्याच्या खांद्यावर तीच निळी शाल. तिला आमच्याकडचा नुसता काळोख दिसत असणार. आधी ती पुष्कळ रडली. मग तिने काहीतरी विचारलं आणि दादाने माझ्याकडे पाहिलं. "विचारतेय, लेनाने त्या दिवशी तिला पाहिलं होतं का..."

तो पुन्हा स्क्रीनकडे वळला. गालांवरून पाणी वाहत होतं, आवाज मात्र ठणठणीत. मला रशियन येत नाही, पण 'इंटरनेट' हा एक शब्द कळला. नाद्या मान हलवत राहिली. शालीच्या पदराने तिने तोंड पुसलं.

कॉल संपल्यावर मी नखाने टिकली काढायला गेलो. दादाने माझा हात धरला.

"राहू दे," म्हणाला, "पुढच्या शनिवारी लागेल."