इनेझच्या बाटल्यांतला लुईस

वटार गावी आमच्या शेजारच्या घरात इनेझ सून म्हणून आली, तेव्हा ती मुंबईच्या एका कॉलेजात जीवाणूशास्त्र शिकवत होती. १९७६ साली तिला मुलगा झाला, तो मेलेलाच. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून जुन्या रीतीप्रमाणे त्याला वाडीत कुंपणापाशी पुरलं.

"लुईस ठेवायचं होतं," इनेझ म्हणाली.

"श्वास न घेतलेल्याला कसलं नाव?" सासू सालोमी म्हणाली. त्या घरात तो विषय तिथेच संपला.

सात वर्षांनी इनेझने लोणारच्या तळ्यातून आणलेल्या चिखलातून एक जीवाणू वेगळा केला. लालभडक रंगाचा. झाडासारखा उजेडावर जगणारा, पण साध्या पाण्यात मरणारा. त्याला त्या तळ्यासारखं खारं, सोड्याचंच पाणी लागे. त्याचं वर्णन तोवर कुणी केलेलं नव्हतं. तिने दोन वर्षं खपून ते लिहिलं: आकार, शेपटी, रंगद्रव्य, अंगातले गंधकाचे कण. परदेशातल्या मासिकाने ते स्वीकारलं. अट एकच होती. जिवंत नमुना तिथल्या जीवाणूंच्या संग्रहात पोचला, तरच नाव ग्राह्य. तो अजून पाठवायचा होता. नाव तिने लॅटिन वळणाचं घेतलं होतं. त्याचा अर्थ, लुईसचा.

हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचा नवरा फेबियन तिथेच बसला होता. संध्याकाळपर्यंत ते सालोमीला कळलं.

मे महिन्यात कॉलेज बंद, प्रयोगशाळेतले दिवेही बंद. म्हणून इनेझने सगळ्या बाटल्या घरी आणून खिडकीत मांडल्या. मग तिला पेपर तपासायला पुण्याला जावं लागलं.

"आई, खिडकी झाकू नका. त्यांना उजेड लागतो."

"जा गो, तुझी पोरं मी सांभाळते," सालोमी म्हणाली.

इनेझ परतली ती धाकटी जाऊ बेटीच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी. मी पीठ मळायला तिथेच होते. बाटल्या माळ्यावर निघाल्या, तापलेल्या कौलांखाली, काळ्या कांबळीत गुंडाळलेल्या. लाल पाणी पांढुरकं झालं होतं. जूनमध्ये तिने प्रत्येक बाटलीतला थेंब नव्याने वाढवून पाहिला. एकही वाढला नाही. पण ते तिला त्या दिवशीच कळलं होतं.

"पाहुणे यायचे, आणि घरात सडक्या अंड्यांचा वास!" सालोमी म्हणाली. "आणि नाव पडायच्या आधीच गेली ना? मग रडतेस कशाला? कुंपणापाशी जागा आहे."

"आई, पुरे," फेबियन म्हणाला, आणि खुर्च्या आणायला निघून गेला.

"उद्या धर्ममाता तूच," सालोमी इनेझला म्हणाली. "फादरना सांगून ठेवलंय मी."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये इनेझने बाळ हातावर धरलं. फादरनी विचारलं, "नाव काय ठेवता?" उत्तर धर्ममातेने द्यायचं होतं, आणि नाव तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने बेटीकडे पाहिलं. बेटीने मान खाली घालून तिच्या कानात सांगितलं. इनेझचा चेहरा मला समोरून दिसत होता.

"लुईस," ती म्हणाली.

"मोठ्याने बोल, बाय," मागून सालोमी म्हणाली. "फादरना ऐकू येत नाही."

इनेझने मोठ्याने सांगितलं.