देऊळघाटच्या बसमधलं फ्रेंच

बुलढाण्याहून देऊळघाटला जाणाऱ्या बसमध्ये शेजारचे काका खिडकीकडे तोंड करून ओठांचा चंबू करत होते. मिशी एवढी भरघोस, की चंबू तिच्यातच हरवायचा. दाढ दुखत असेल, असं मला वाटलं. मग कानातली वायर दिसली.

"फ्रेंच शिकून राह्यलो," ते लाजून म्हणाले. "पोरीसाठी. सहावीत हाय, तिले फ्रेंच शिकाची लय हौस."

गावातल्या पुस्तकांच्या दुकानांत त्यांनी विचारून पाहिलं होतं. एकानं इंग्लिश स्पीकिंगचं पुस्तक पुढे केलं, दुसरा नुसताच हसला. शेवटी मोबाइलवर फुकटचे धडे सापडले.

"मग ते तिनं ऐकायचे. तुम्ही कशाला?"

"मोबाइल आपलंच बोलते, तिचं आयकत नाही. कंटाळून सोडून देत होती. म्या म्हनलं, मी बोलतो तुयासंग."

"जमतंय?"

"कायचं जमते! एक शबुद सरळ निंगत नाही. पन आता ती धडा चुकवत नाही. बापाची चूक काढाले मिळते नं!"

गाव आलं तसे ते पिशवी सावरत घाईघाईनं उतरले. चुका करायला एवढ्या लगबगीनं घरी निघालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.