सहीसाठी सरगूरला

आमच्या मिस कुठलाही कागद शेवटून वाचायच्या. लग्नपत्रिका असो, निवडणुकीचं पत्रक असो की राजेशाहीच्या काळातला जाहीरनामा. आधी तळाची ओळ, मग वरचा मजकूर. "मागणं खाली असतं, अल्वा? वर सुम्ने गूळ," असं म्हणायच्या. मैसूरच्या जुन्या मराठी घरांत अशी कन्नड मिसळलेली मराठीच चालते. आमच्याही घरी 'उगाच'ला 'सुम्ने' आणि 'हो ना?'ला 'अल्वा?'च म्हणत.

मिस इतिहास शिकवायच्या. पूर्वज मैसूरच्या फौजेत होते, त्यामुळे आवाज कवायतीचा. सनावळ्यांपेक्षा त्यांना जुने अर्ज आणि जाहीरनामे प्रिय. ते फळ्यावर उतरवायचे आणि प्रत्येक ओळीशेजारी लिहायचं: पत, काळीज किंवा डोकं. लिहिणारा स्वतःची पत सांगतोय, काळजाला हात घालतोय, की डोक्याला पटवतोय? एकदा कुठल्याशा जाहीरनाम्यातल्या 'आमच्या लाडक्या प्रजेस' या शब्दांवर आमचा अख्खा वर्ग विरघळला. मिस म्हणाल्या, "पुढचं कलम वाचा. सभाबंदी! पाठीवरून एक हात फिरत असला की दुसऱ्या हातात काय आहे ते बघायचं."

आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना सरगूरहून येणारी सकाळची बस बंद झाली. माझी मैत्रीण गौरी त्याच बसनं यायची. पुढच्या बसनं आलं की पहिले दोन तास बुडत. हजेरी कमी पडू लागली आणि तिचे अप्पा म्हणाले, "पुरे झालं कॉलेज. घरी राहा."

आम्ही तावातावानं अर्ज लिहिला. 'बस सुरू न केल्यास आम्ही सर्व मुली शिक्षण सोडू,' हे शेवटचं वाक्य माझं.

मिसनी तेच आधी वाचलं. "सर्व? तू इथंच गोकुलमला राहतेस. सायकलनं येतेस. तू का सोडणार ग?"

मी ते वाक्य खोडायला पेन काढलं.

"आणि हा राग कुणासाठी? बस डेपोच्या साहेबाला 'हो' म्हणायला वाट ठेवली आहे का कुठे?"

मग गौरीला समोर बसवलं. पहाटे गोठा झाडण्यापासून कॉलेजच्या फाटकापर्यंतचा तिचा दिवस तिच्याच शब्दांत लिहून घेतला. बसनं येणाऱ्या मुलींची नावं वर्गासकट जोडली. कुठे विशेषण आलं की मिस खोडत. शेवटी म्हणाल्या, "डोकं झालं, काळीज झालं. आता पत. पहिली सही गौरीच्या अप्पांची हवी."

गौरी रडवेली झाली. "ते नाही करणार, मिस."

"तुला कोण सांगतंय? मी जाते."

आणि रविवारी त्या खरंच सरगूरला गेल्या. गौरीनं नंतर सांगितलं, मिसनी अर्जाचं नावही काढलं नाही. जेवल्या, शेत बघितलं, अप्पांचं सगळं ऐकून घेतलं. निघताना कागद पुढे करून म्हणाल्या, "गावच्या मुलींसाठी बस मागतोय. मोठ्या माणसाचं नाव वर असलं तर साहेब ऐकतील." अप्पांनी चष्मा लावून अर्ज वाचला. मुलीच्या दिवसापाशी बराच वेळ थांबले. मग सही केली, आणि ती बघून गावातल्या बाकीच्या बापांनीही केल्या.

अर्ज घेऊन आम्ही गेलो. साहेबांनी तो दोनदा वाचला, 'बघतो' म्हणाले, आणि महिन्याभरानं बस सुरू झाली. मी उड्या मारत मिसकडे गेले. "मिस, साहेबांना पटलं!"

"चांगलंच झालं. पण बस नसती आली तरी गौरी आली असती."

"ती कशी?"

"पोरीला कॉलेजात पोचवा, असं गावासमोर लिहून दिलेला बाप तिला घरी कसा बसवेल? अर्ज साहेबाच्या नावे होता, ग. लिहिला होता तिच्या अप्पांसाठी."

गौरी आज सरगूरच्याच शाळेत शिकवते. गेल्या वर्षी मिस कायमच्या मुलीकडे पुण्याला निघाल्या, तेव्हा आम्ही दोघी स्टेशनवर गेलो. जन्मभर लोकांची वाक्यं तपासणाऱ्या मिसना त्या दिवशी स्वतःचं एकही पुरं करता येईना. गौरीचा हात धरून "तू... नोड... बघ..." एवढंच म्हणायच्या आणि थांबायच्या. गाडी हलली तेव्हा खिडकीतून आमच्या हातात एक डबा कोंबला. प्रवासासाठी त्यांनी स्वतःला केलेलं चित्रान्न, लिंबाचा फोडणीचा भात, होतं ते.

"मिस, तुम्ही काय खाल?" मी ओरडले.

"मुलगी जावयाला घेऊन स्टेशनवर येणार आहे," त्या तितक्याच जोरानं ओरडल्या. "भुकेली दिसले तर मला खायला घालायच्या नादात दोघं भांडायचे थांबतील!"